हौसाचा फिल्टर

मी डायलायझर. नाव अवघड आहे, म्हणून इथे मला त्या नावाने कोणी हाक मारत नाही. सिस्टर मला फिल्टर म्हणतात, पेशंटही फिल्टरच म्हणतात. पेणच्या एका लहानशा रुग्णालयात, पहिल्या मजल्यावर डायलिसिसची खोली आहे आणि तिला लागून आम्हाला धुवायची मोरी आहे. त्या मोरीतल्या स्टीलच्या ट्रेमध्ये मी सध्या आडवा पडलो आहे. माझं काम संपलंय. थोड्या वेळाने मला लाल पिशवीत टाकतील. त्याआधी थोडं बोलून घ्यावं म्हणतो.

दिसायला मी अगदीच साधा. वीतभरापेक्षा जरा लांब, आरपार दिसणारं प्लॅस्टिकचं नळकांडं. पण माझ्या पोटात केसासारख्या बारीक पोकळ नळ्या आहेत, हजारोंनी. माणसाचं रक्त या नळ्यांच्या आतून जातं. नळ्यांच्या बाहेरून यंत्राने तयार केलेलं पाणी उलट्या दिशेने वाहतं. रक्त आणि पाणी एकमेकांना भेटत नाहीत, कारण मधे नळीची भिंत असते. खरं सांगायचं तर ती पातळ भिंत म्हणजेच मी. बाकीचं नुसतं वेष्टन.

त्या भिंतीला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं आहेत. रक्तात साचलेला युरिया, जास्तीचं पोटॅशियम, असला बारीक कचरा त्यांतून बाहेर जातो. त्याला कोणी ढकलत नाही. जिथे तो जास्त आहे तिथून जिथे कमी आहे तिथे तो आपणहून सरकतो. रक्तपेशी आणि मोठमोठी प्रथिनं छिद्रांत मावत नाहीत, म्हणून ती आतच राहतात. जास्तीचं पाणी मात्र यंत्राला ओढून काढावं लागतं. बाहेरचं पाणीही नुसतं पाणी नसतं. त्यात मीठ आणि साखर मोजून घातलेली असते. ते माप चुकून साधं पाणी माझ्याजवळ आलं, तर ते भिंतीतून रक्तात शिरेल आणि रक्तपेशी पाणी पिऊन फुगतील, फुटतील. म्हणून सिस्टर यंत्राची तपासणी झाल्याशिवाय मला कोणाला जोडत नाहीत.

हे सगळं ऐकून मी हुशार वाटत असेन. तसं नाही. माझ्या पोटातून दर क्षणाला लाखो रक्तपेशी जात आणि त्यांच्यासमोर मला फार ओशाळल्यासारखं होई. त्यांच्या प्रत्येकीभोवती स्वतःचं पटल असतं. स्निग्ध रेणूंचे जेमतेम दोन थर, माझ्या भिंतीच्या मानाने काहीच नाही. पण त्या दोन थरांत प्रथिनांची दारं बसवलेली असतात. साखरेला वेगळं दार, पाण्याला वेगळं. एक दार तर असं, की ते स्वतःची ताकद खर्चून आतला सोडियम बाहेर काढतं आणि बाहेरचा पोटॅशियम आत घेतं. कोणाला घ्यायचं, कोणाला नाही, हे त्या पटलाला कळतं. माझ्याकडे दारं नाहीत, भोकं आहेत. कचऱ्याबरोबर कामाची जीवनसत्त्वं आणि प्रथिनांचे लहान तुकडेही माझ्यातून वाहून जातात. मला ते थांबवता येत नाही. डायलिसिस संपवून माणूस उठतो तेव्हा पिळलेल्या कपड्यासारखा दिसतो. त्यात माझाही वाटा असतो.

माझ्या अंगावर चिकटपट्टी लावून सिस्टरने नाव लिहिलं ते हौसाबाईंचं. आम्ही एकाच माणसाचे असतो. दर वेळी धुऊन, औषधात बुडवून, त्याच माणसाला पुन्हा जोडतात. दुसऱ्या कोणाचं रक्त मी कधी पाहिलं नाही.

हौसाबाई पन्नाशीच्या. पेणजवळच्या खारेपाटातल्या, खाडीकाठच्या एका गावच्या. नवरा काळुराम जन्मभर मिठागरात राबला आणि हौसाबाईही त्याच्या बरोबरीने. आता मिठागर बंद झालंय, घरची थोडी भातशेती आहे. दोन वर्षांपूर्वी हौसाबाईंच्या पायांवर सूज आली. तपासण्या झाल्या तेव्हा दोन्ही किडन्या जवळजवळ बंद पडल्याचं कळलं. कोणाला न सांगता वाढलेला रक्तदाब त्यांना आतून खात होता.

एकुलता मुलगा हरेश रोह्याला कारखान्यात कामाला. बायको मृणाली आणि छोटी पिंकी यांच्याबरोबर तो कुंडलिका नदीपलीकडच्या अष्टमी गावात राहतो. आईच्या डायलिसिसच्या दिवशी तो शिफ्ट बदलून घेई, मोटरसायकलवरून नागोठण्यावरून येई, गावातून आईला घेई आणि पेणला आणी. खोलीत तिला बसवून दिली की बाहेर बाकावर बसे.

हौसाबाईंना या सगळ्याची लाज वाटे. डाव्या हातावर डॉक्टरांनी शिरा जोडून सुया टोचायची जागा केली होती. ती फुगून दोरखंडासारखी दिसे. बसमधून एकट्या आल्या तर भर उकाड्यात त्या हातावर पदर गुंडाळून घेत. लघवी जवळजवळ बंद झाली होती. वजनकाट्यावर उभं राहायचं म्हटलं की त्यांचा चेहरा पडे, कारण मधल्या दिवसांत किती पाणी प्यायलं ते काटा सगळ्यांसमोर सांगून टाकी.

आमच्या खोलीतली टेक्निशियन सुरभी. पेशंट तिला सिस्टरच म्हणतात. एकदा वजन बरंच वाढलेलं बघून ती रागावली नाही, खुर्ची ओढून बसली आणि हौसाबाईंना विचारलं की जेवणात काय होतं. हौसाबाई खाली मान घालून सुकट म्हणाल्या.

"मावशी, काकडीला मीठ लावून ठेवलं तर काय होतं?" सुरभीने विचारलं.

"पानी सुटतं."

"का सुटतं? बाहेर मीठ जास्त झालं की काकडीच्या पेशींमधलं पाणी बाहेर येतं. तुम्ही खारवलेली सुकट खाल्ली की तुमच्या रक्तात मीठ वाढतं. मग अंगातल्या पेशींमधलं पाणी रक्तात यायला लागतं. पेशी सुकायला लागल्या की डोकं सांगतं, पाणी पी. तुम्ही पिता. पण ते बाहेर टाकणारं कोणी नाही. मग ते पायांत उतरतं, छातीत भरतं."

हौसाबाईंनी आपल्या सुजलेल्या पायांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "म्हंजी जीभ नाय, माजा रगातच तानेला हाय."

सुरभी हसली. हौसाबाई हसल्या नाहीत. मिठात आयुष्य गेलेल्या बाईला मिठाचं हे दुसरं रूप कोणी सांगितलं नव्हतं. त्या दिवसानंतर त्यांनी सुकट सोडली. पुढच्या खेपेला काट्याने चांगलं सांगितलं, तशा त्या थोड्या ताठ चालत पलंगापर्यंत आल्या.

या सगळ्याला एक कायमचा उपाय होता आणि तो घरात सगळ्यांना ठाऊक होता. कोणीतरी आपली एक किडनी द्यायची. काळुरामला साखरेचा आजार, त्याची चालणार नव्हती. हौसाबाईंना भावंडं नव्हती. राहिला हरेश. गावात कोणी विषय काढला की हौसाबाई लगेच सांगत, की मी पोराची घेणार नाय. त्याला बायको हाय, लेक हाय. खोलीतल्या दुसऱ्या पेशंटांनाही त्यांनी हेच ऐकवलं होतं. सगळे म्हणत, काय आई आहे.

तरीही हरेशने तपासणी करून घेतली होती. रक्त देऊन आला होता. त्याचा निकाल आला त्या दिवशी मी हौसाबाईंना जोडलेलो होतो.

सकाळची वेळ होती. हौसाबाई डोळे मिटून पडल्या होत्या. डॉक्टर फेरीला आले. त्यांनी हरेशला आत बोलावलं आणि म्हणाले, बाहेर जाऊन बोलू. हरेश म्हणाला, इथेच सांगा साहेब, ती झोपलीय. त्याला बहुतेक बाहेर बाकावरच्या लोकांसमोर ऐकायचं नव्हतं. दोघं माझ्या यंत्राला अगदी लागून उभे राहिले.

डॉक्टरांनी सांगितलं की रक्तगट जुळतोय, बाकीचंही चांगलं जुळतंय. अजून तपासण्या आहेत, त्या मुंबईला होतील, पण सुरुवात चांगली आहे.

 हरेश हळू आवाजात घाईघाईने बोलायला लागला. कंपनीत ड्रम उचलावे लागतात. मुलगी लहान आहे. बायकोला माहेरचा आधार नाही. डॉक्टर ऐकत राहिले. शेवटी त्यांनी विचारलं, "तुमची इच्छा आहे का नाही, एवढंच सांगा."

"नाय जमणार साहेब."

डॉक्टर चिडले नाहीत. म्हणाले, देणं कोणावर सक्तीचं नसतं. तुमच्या आईंनी विचारलं तर मी कारण सांगणार नाही, एवढंच सांगेन की हा मार्ग सध्या नाही. हरेशने मान हलवली. डॉक्टर गेल्यावर तो आईच्या पायांशी उभा राहिला. पांघरूण सरकलं होतं ते त्याने नीट केलं आणि बाहेर गेला.

हौसाबाई झोपलेल्या नव्हत्या.

मला कसं कळलं? डायलिसिस चालू असताना थोड्या थोड्या वेळाने दंडावरचा पट्टा फुगतो आणि रक्तदाब मोजतो. त्या दिवशी पुढचा आकडा एकदम खाली घसरला तेव्हा यंत्र वाजायला लागलं. सुरभी धावत आली, पाणी ओढायचा वेग कमी केला, मावशी काय होतंय म्हणून विचारलं. हौसाबाई डोळे न उघडता म्हणाल्या, काय नाय गो.

दुपारी आईला घरी नेताना हरेशने सांगितलं, आये, जुळली नाय. मी तेव्हा मोरीत होतो. पण पुढच्या खेपेला हौसाबाई सुरभीला सांगत होत्या, तेव्हा मी ऐकलं. हरेशची जुळली नाय म्हणे, असं त्या म्हणाल्या. आवाज अगदी सरळ. सुरभीला काही माहीत नव्हतं. ती वाईट वाटून म्हणाली, देव करेल काहीतरी.

मी यंत्राला टांगलेलं प्लॅस्टिक. मला बोलता येत नव्हतं ते बरंच झालं. पण त्या दोघांच्या मधे लटकून दोघांचंही माहीत असणं, यासारखी लाजिरवाणी जागा नाही.

त्यानंतर हरेश फार बदलला. पूर्वी बाहेर बसायचा, आता आत येऊन आईचे पाय दाबायला लागला. फळं आणी. त्यात पोटॅशियम जास्त म्हणून सुरभी ती परत पाठवी. नवी चप्पल आणली, मऊ उशी आणली. हौसाबाई सगळं घेत आणि त्याच्याकडे बघत नसत. त्यालाही आईच्या डोळ्यांत बघवत नसे. दोघं एकमेकांच्या हातांकडे बघून बोलत. त्यांना बघून बाजूचे पेशंट म्हणत, मुलगा असावा तर असा. ते ऐकलं की हरेशला बाहेर काहीतरी काम आठवे.

आणि हौसाबाईंचं वजन वाढायला लागलं.

दर खेपेला थोडं जास्त. सुरभीने विचारलं, पुन्हा सुकट सुरू केली का? त्या नाही म्हणाल्या. ते खरं होतं. मिठाने लागलेली तहान नव्हती ती. मडक्याजवळ जायचं आणि प्यायचं. काळुराम ओरडला की थांबायचं, तो शेतावर गेला की पुन्हा प्यायचं. हे त्यांनी स्वतः नंतर सांगितलं. मला तेव्हा एवढंच दिसे, की माझ्या नळ्यांतून येणारं रक्त पातळ आहे, त्यात पाणी फार आहे. ते काढायला यंत्राला जोर करावा लागे. इतक्या थोड्या वेळात इतकं पाणी ओढलं की रक्तदाब पडे, पोटऱ्यांत गोळे येत. हौसाबाई दात आवळून कण्हत. मग सुरभी सलाईन सोडून थोडं पाणी परत देई. काढायचं, पुन्हा द्यायचं. जिवंत किडनी हे काम दिवसभर हळूहळू, कोणाला कळू न देता करते. मला ते काही तासांत हिसकावून घ्यावं लागे.

गणपती आले. पेणमध्ये कारखान्याकारखान्यांतून मूर्ती बाहेर निघत होत्या, रस्त्यावर टेम्पोंची रांग होती. हरेश, मृणाली आणि पिंकी गावी आले. नेमकी त्या दिवसांत अमावस्येनंतरची मोठी भरती आणि वर धो धो पाऊस. खाडीचं पाणी गावच्या रस्त्यावर आलं. हौसाबाईंचा डायलिसिसचा दिवस चुकला. दुसऱ्या दिवशीही पाणी उतरलं नाही. घरात पाहुणे, आरती, जेवणं. कोणाचं लक्ष नसताना हौसाबाई पाणी पीत राहिल्या.

पाणी ओसरलं त्या दिवशी दुपारी हरेशने त्यांना रिक्षातून आणलं. त्यांना आडवं पडता येत नव्हतं. श्वास घेताना छातीतून बुडबुड्यांसारखा आवाज येत होता. ओठ निळसर पडले होते. सुरभीने त्यांना बसवूनच सुया टोचल्या, तोंडाला ऑक्सिजन लावला आणि मला जोडलं. डॉक्टर बाजूलाच उभे राहिले.

त्या दिवसाइतकी भीती मला कधी वाटली नाही. छातीत पाणी भरलेलं. वेगाने काढलं तर रक्तदाब पडणार, हळू काढलं तर श्वास अडणार. मी छिद्रं असलेली भिंत. मला घाई करता येत नाही, थांबता येत नाही. आलेलं रक्त आत घ्यायचं, पाणी बाहेर जाऊ द्यायचं, एवढंच करत राहिलो.

बऱ्याच वेळाने श्वासाचा आवाज थोडा कमी झाला. डॉक्टर म्हणाले, निभावलं. आणि ते दुसऱ्या पेशंटकडे गेले. हरेश पलंगाच्या कडेला आईचा हात धरून बसला होता. त्याने विचारलं, "आये, इतकं पाणी कशाला प्यायलीस गो? तुना माहीत हाय ना?"

हौसाबाईंनी तोंडावरचा मास्क बाजूला केला. सुरभी नको नको म्हणाली, तरी केला.

"तुजी जुलली व्हती," त्या म्हणाल्या. "मना ठाव हाय. मी जागी व्हते त्या दिशी."

हरेशचा हात सुटला. सुरभी यंत्राचे आकडे बघत होती, ती तशीच थांबली.

हौसाबाईंना एकेका शब्दामागे श्वास घ्यावा लागत होता. त्या सांगत गेल्या. सगळ्या गावाला सांगितलं, की पोराची घेणार नाय. लोक चांगलं म्हणायचे. मला पण वाटायचं मी चांगली. पण मनात रोज वाट बघत होते, तू कधी म्हणशील की आये, माझी घे. तू नाय म्हणालास तेव्हा मला तुझा राग आला. पोटच्या पोराचा. मनाला विचारायची, त्याला भ्यायचा पण हक्क नाय का? पण राग जाईना. मग माझीच मला लाज वाटायला लागली. पोराच्या पोटात हात घालून जगायला बघते, असली कसली आई मी? मग वाटायचं पाणी प्यावं. काय व्हायचं ते होऊ दे.

"मना पायजे व्हती रे बाला," शेवटी त्या एवढंच मोठ्याने म्हणाल्या आणि मास्क परत तोंडावर ओढून घेतला. मान पलीकडे वळवली.

खोलीतले सगळे ऐकत होते. समोरच्या पलंगावरच्या माणसाने वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. हरेश उठला नाही. मला वाटलं तो बाहेर जाईल. पूर्वी गेला असता. तो तिथेच बसून राहिला आणि त्याची मान इतकी खाली गेली की मला फक्त त्याचे केस दिसत होते.

"ड्रमचं खोटं होतं," तो म्हणाला. "मृणालीला तर मी सांगितलंच नाय. तिला पण जुळली नाय असंच सांगितलं. पिंकीचं नाव पुढे केलं. मला भीती वाटली गो आये. टेबलावर झोपायची. कापतील त्याची. बस, तेवढंच."

मग तो रडला. मोठा माणूस रडताना आवाज न करायचा प्रयत्न करतो, तसा. थोड्या वेळाने त्याने डोळे पुसले आणि म्हणाला की मी देतो. उद्याच डॉक्टरांना सांगतो.

हौसाबाईंनी मान इकडे वळवली. मास्क पुन्हा सरकवला. सुरभीने या वेळी अडवलं नाही.

"आता नको," त्या म्हणाल्या. "लाजंनी दिलेली नको मना. लाज गेली की मंग बघू."

पुढच्या खेपेला हरेश आला नाही. मला वाटलं, संपलं. आली ती मृणाली, रोह्याहून एसटीने. हरेशने तिला सगळं सांगितलं होतं. ती आल्या आल्या सासूच्या उशाशी बसली. ती फार बोलणारी नाही, पण तिचा चेहरा उतरला होता. तिने सांगितलं की हरेश दोन दिवस जेवला नाही. तो घाबरला याचा तिला राग नव्हता. तिच्या आणि पिंकीच्या नावाआड लपला याचा राग होता आणि ते तिने त्याला तोंडावर सांगितलं होतं. मग ती आवाज खाली आणून म्हणाली, "आई, हे जुळली नाही म्हणाले तेव्हा मला बरं वाटलं होतं. मी देवापुढे दिवा लावला होता. तुम्हाला सांगायला लाज वाटते."

हौसाबाईंनी फुगलेल्या शिरेचा हात, जो त्या सगळ्यांपासून लपवत, तो तसाच पलंगावर ठेवून दुसऱ्या हाताने तिच्या गुडघ्यावर थोपटलं. म्हणाल्या, "लावशीलच गो. नवरा हाय तुजा."

त्या दिवशी काट्यावर वजन बऱ्याच दिवसांनी उतरलेलं होतं. सुरभीने तो आकडा वहीत लिहिला. 

त्यानंतर हरेश परत यायला लागला. आता तो फळं आणत नव्हता, पायही दाबत नव्हता. एक दिवस डॉक्टर आले तेव्हा तो आईच्या समोर, सगळ्यांना ऐकू येईल अशा आवाजात प्रश्न विचारायला लागला. कुठे कापतात, किती दिवस दुखतं, एका किडनीवर माणूस किती जगतो, ड्रम उचलता येतात का. डॉक्टरांनी प्रत्येकाचं उत्तर दिलं. काही उत्तरं चांगली होती, काही नव्हती. जड काम काही महिने बंद, हे त्यांनी लपवलं नाही. धोका थोडा आहे पण आहे, हेही सांगितलं. हौसाबाई पूर्ण जाग्या होत्या. मधेच त्यांनीही एक प्रश्न विचारला, की बसवलेली किडनी पुढे कधी बंद पडली तर पोराची वाया गेली असं होईल का. डॉक्टर म्हणाले, बंद पडू शकते. दहा-पंधरा वर्षं चालणाऱ्याही असतात.

त्यावर त्या दिवशी काहीच ठरलं नाही.

माझा शेवटचा दिवस काल झाला. हौसाबाईंना जोडलं तेव्हा माझ्या बऱ्याच नळ्या आतून तुंबलेल्या होत्या. रक्तातली प्रथिनं दर वेळी थोडी थोडी चिकटून राहतात, कितीही धुतलं तरी. मी हळू चाललो होतो. सुरभीच्या ते लक्षात आलं होतं.

हरेश बाजूच्या खुर्चीवर बसला होता. खूप वेळ दोघं पिंकीच्या शाळेबद्दल, शेताच्या बांधाबद्दल बोलत होते. मग तो म्हणाला, सोमवारी मुंबईला जायचंय, पुढच्या तपासण्यांना. डॉक्टरांनी वेळ घेऊन दिलीय. मृणाली पण येतेय.

हौसाबाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. किती दिवसांनी.

"भीती गेली?"

"नाय."

"मंग?"

हरेशने जरा विचार केला. "तुना पायजे ना? मग बघू. नाय जमलं तर तुला तोंडावर सांगेन. खोटं नाय सांगणार."

 हौसाबाई म्हणाल्या, "सोमवारी गाडीत डबा मी देते. बाहेरचं खाऊ नको." हरेश हसला. मला वाटतं, तो डबा म्हणजे हौसाबाईंचा होकार होता.

मुंबईला काय होईल, मला कळणार नाही. ऑपरेशन होईल, न होईल. आज सकाळी सुरभीने मला पुन्हा धुतलं, माझ्या नळ्यांत किती पाणी मावतं ते मोजलं आणि मान हलवली. हौसाबाईंसाठी नव्या फिल्टरवर नाव लिहिलं. तो फार स्वच्छ आहे, त्याला काहीच माहीत नाही.

मला कोणाला उपदेश करायचा नाही. मी एक नक्कल आहे, तीही अर्धवट. तुमच्या कमरेच्या वर, पाठीकडे, मुठीएवढे दोन अवयव आहेत. त्यांच्यातल्या एकेका पेशीला जे जमतं ते मला कधी जमलं नाही. रक्तदाब मोजून घ्या, त्यांना जपा. माझ्यासारख्याची पाळी तुमच्यावर न येवो, एवढीच माझी विनंती. हे सांगतानाही मला ओशाळायला होतं, कारण मी कोणाच्या कामी यायचं म्हणजे कोणाचं तरी घर आधी मोडलेलं असतं.

आता मोरीचं दार अर्धं उघडं आहे. पलीकडे हौसाबाई आल्या आहेत. आज त्यांचा दिवस नाही, मुंबईला न्यायचे कागद घ्यायला आल्या असाव्यात. सुरभी त्यांना सांगते आहे, की मावशी, तुमचा फिल्टर बदलला, जुना आता टाकायचा.

"त्यानी लय आयकला आमचा," हौसाबाई म्हणाल्या. "जाऊ दे गो त्याला आता."

सुरभी आत येते आहे. तिच्या हातात लाल पिशवी आहे. निघतो मी.